जीनोटाइप कॉम्प्युटरला कळतो, पण कशावरून? हिपॅटायटिस सीच्या एका मेसेजला उत्तर

सांगली, मिरज, कराड भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हिपॅटायटिस सी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराबद्दल एक मेसेज जोरात फिरतो आहे. लांबलचक आहे, पण त्यात दावे पाचच आहेत. या विषाणूचा जीनोटाइप, म्हणजे प्रकार, आता नेहमीच्या रक्ताच्या रिपोर्टवरून कॉम्प्युटर ओळखतो. ही ओळख ९९ टक्के अचूक असते आणि संख्याशास्त्राचं गणित असल्यामुळे चुकत नाही. जगातले सगळे प्रकार कॉम्प्युटरला माहीत आहेत. ‘टाइप ३’ आला तर आजार तिसऱ्या टप्प्यात गेला असं समजावं. आणि प्रकार कळल्याशिवाय गोळ्या सुरू करू नयेत, नाहीतर औषध वाया जातं.

मी सांगलीत संख्याशास्त्र शिकवते. कुठली वस्तू कुठल्या गटातली हे आकड्यांवरून ठरवणं, म्हणजे वर्गीकरण, हा माझ्या शिकवण्यातला मोठा भाग. या मेसेजमध्ये माझ्या विषयाचं नाव घेऊन लोकांना चुकीचं सांगितलं जातंय, म्हणून हे लिहिते आहे. मेसेजचा पाया खरा आहे. विषाणूचा प्रकार संख्याशास्त्रीय पद्धतीनं खरोखर ओळखता येतो आणि चांगला ओळखता येतो. पण त्या पायावर जे रचलंय ते ढासळणारं आहे, आणि शेवटचा सल्ला तर माणसाच्या यकृतावर बेतू शकतो.

आधी खरं काय ते. हा विषाणू १९८९ मध्ये मायकेल हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. त्याआधी त्याला नावसुद्धा नव्हतं. ‘ए नाही आणि बी नाही असा हिपॅटायटिस’ एवढीच त्याची ओळख. २०२० मध्ये हार्वी ऑल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस या तिघांना या कामासाठी नोबेल मिळालं. या विषाणूचा सगळा मजकूर म्हणजे आरएनएची, म्हणजे त्याची जनुकीय माहिती साठवणाऱ्या रेणूची, सुमारे ९,६०० अक्षरांची एक साखळी. तिची नक्कल करणारं विषाणूचं एन्झाइम आपल्या चुका तपासत नाही, त्यामुळे नकला करता करता अक्षरं बदलत राहतात. शेकडो वर्षं वेगवेगळ्या प्रदेशांत असे बदल साठत गेले आणि त्यातून आज मानले जाणारे आठ जीनोटाइप तयार झाले. दोन जीनोटाइपमध्ये साधारण ३० टक्के किंवा त्याहून जास्त अक्षरं वेगळी असतात. एकाच जीनोटाइपचे उपप्रकार, उदाहरणार्थ १ए आणि १बी, यांच्यात हा फरक साधारण १५ ते २५ टक्के असतो. म्हणजे विषाणूचा काही मजकूर वाचला आणि तो आधी माहीत असलेल्या नमुन्यांशी ताडून पाहिला, की प्रकार ठरवता येतो. वर्गीकरणाचं काम ते एवढंच.

यावरून पहिल्या दाव्याचं उत्तर मिळतंच. नेहमीच्या रिपोर्टात विषाणूचं एकही अक्षर नसतं. एसजीपीटी, बिलिरुबिन, अल्ब्युमिन हे आकडे यकृताची अवस्था सांगतात. कार्डवर होणारी झटपट टेस्ट शरीरानं तयार केलेली अँटिबॉडी शोधते. तीसुद्धा विषाणू कधीतरी शरीरात शिरला होता एवढंच सांगते. संसर्ग झालेल्यांपैकी काहींच्या शरीरातून तो पहिल्या सहा महिन्यांत आपोआप निघून जातो. जागतिक आरोग्य संघटना हे प्रमाण १५ ते ४५ टक्के सांगते. अशा माणसाची कार्ड टेस्ट पॉझिटिव्ह येते, पण त्याच्या रक्तात वर्गीकरण करायला विषाणूच नसतो. प्रकार ओळखायचा तर रक्तातला आरएनए वेगळा काढावा लागतो, पीसीआरनं वाढवावा लागतो आणि मग त्याचा ठरावीक तुकडा वाचावा लागतो. काही जण यावर म्हणतील की जीनोटाइप ३ मध्ये यकृतात चरबी जास्त साठते, मग रिपोर्टवरून अंदाज का येऊ नये? तसा कल खरोखर आढळतो. पण कल गटात दिसतो. समोर बसलेल्या एका माणसाच्या यकृतातली चरबी त्याच्या वजनामुळे आहे, दारूमुळे, मधुमेहामुळे की विषाणूमुळे, हे त्या कलावरून सांगता येत नाही.

आता ९९ टक्क्यांकडे येते. इथे जरा थांबायला हवं, कारण एवढ्या एका आकड्यावर लोक मेसेजमधल्या बाकीच्या गोष्टींवर विश्वास ठेवतात.

अचूकता म्हणजे चाचणीला दिलेल्या नमुन्यांपैकी किती बरोबर ओळखले ते. त्यामुळे पहिला प्रश्न हा, की चाचणीला कुठले नमुने दिले होते? समजण्यापुरतं एक गणित मांडते, आकडे माझे आहेत. १,००० नमुने घेतले, त्यात ९५० जीनोटाइप १ चे आणि ५० जीनोटाइप ३ चे. प्रोग्रॅमनं पहिल्या प्रकारचे सगळे बरोबर ओळखले, तिसऱ्या प्रकारातले १० चुकवले. हजारात दहा चुका म्हणजे अचूकता ९९ टक्के. पण जीनोटाइप ३ पुरतं पाहिलं तर ५० पैकी १० चुकले, म्हणजे तिथे अचूकता ८० टक्केच. तोच प्रोग्रॅम अशा भागात नेला जिथे हजारात ७०० जण जीनोटाइप ३ चे आणि ३०० जण जीनोटाइप १ चे आहेत, तर तो १४० जणांना चुकीचं उत्तर देईल. अचूकता ८६ टक्क्यांवर येईल. प्रोग्रॅममध्ये काडीचाही बदल झालेला नाही, फक्त समोरची माणसं बदलली.

हा प्रश्न आपल्याकडे पुस्तकी नाही. भारतात सर्वात जास्त आढळतो तो जीनोटाइप ३, त्यानंतर १. जगभरच्या विदासंचांमध्ये, म्हणजे माहितीच्या साठ्यांमध्ये, मात्र वर्षानुवर्षं १ए आणि १बी यांचेच सीक्वेन्स, म्हणजे वाचलेल्या अक्षरांच्या ओळी, भरपूर साठले, कारण अमेरिका-युरोपात ते जास्त आढळतात आणि संशोधनाचा पैसाही तिथेच जास्त. मिरजेच्या दवाखान्यांत कोकणापासून उत्तर कर्नाटकापर्यंतचे रुग्ण येतात. त्यांच्यासाठी एखादी पद्धत किती अचूक आहे हे विचारायचं, तर ती अशाच रुग्णांच्या नमुन्यांवर तपासलेली असायला हवी, आणि उत्तर प्रत्येक प्रकारासाठी वेगळं मिळायला हवं. एकूण टक्केवारीनं यातलं काही कळत नाही.

दुसरी गोष्ट सहसा कुणी विचारत नाही, आणि मला ती सर्वात महत्त्वाची वाटते. प्रोग्रॅम शिकवायला जे नमुने वापरले आणि तपासायला जे वापरले, ते खरंच वेगळे होते का? एकाच रुग्णाच्या शरीरात या विषाणूची थोडी थोडी वेगळी असंख्य रूपं एकाच वेळी असतात. एका रुग्णाकडून वाचलेले अनेक सीक्वेन्स विदासंचात जातात. मग सगळा ढीग एकत्र करून यदृच्छया, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, दोन भाग केले, तर एकाच माणसाच्या विषाणूची जवळजवळ सारखी रूपं दोन्ही भागांत येतात. प्रोग्रॅमनं शिकताना जे पाहिलं तेच परीक्षेत पुन्हा येतं आणि अचूकता फुगते. विभागणी रुग्णांनुसार करायला हवी, शक्य असेल तर अभ्यासांनुसार. एका देशातल्या नमुन्यांवर शिकवून दुसऱ्या देशातल्या नमुन्यांवर तपासलेला निकाल माझ्या मते दहा फुगलेल्या टक्केवाऱ्यांपेक्षा मोलाचा.

आता मजकुराचा कुठला तुकडा वाचला, याकडे. या साखळीच्या सुरुवातीला ३४१ अक्षरांचा एक भाग आहे, त्याला पाच-प्राइम टोक म्हणतात. विषाणूला तगून राहायचं तर या भागात फार बदल परवडत नाहीत, त्यामुळे तो सगळ्या प्रकारांत बराच सारखा राहतो. म्हणून पीसीआरला तो सोयीचा, आणि बऱ्याच जुन्या जीनोटाइप टेस्ट याच भागावर बेतलेल्या होत्या. पण जो भाग सगळ्यांत सारखा, त्यात फरक शोधायचे कुठे? १ए आणि १बी यांना वेगळं करणारी अक्षरं तिथे इतकी थोडी आहेत की त्यात गफलत व्हायची. आग्नेय आशियातले जीनोटाइप ६ चे काही उपप्रकार तर या भागात जीनोटाइप १ सारखेच दिसतात. म्हणून नंतरच्या टेस्टमध्ये ‘कोअर’ नावाच्या भागातली अक्षरंही घेतली गेली. गणित कितीही चांगलं असलं, तरी तुकड्यात नसलेला फरक ते निर्माण करू शकत नाही. उलट साखळीच्या शेवटाकडच्या एनएस५बी या भागातला एखादा स्वच्छ वाचलेला तुकडा मिळाला, तर अगदी साधी पद्धतही, म्हणजे सर्वात जवळचा नमुना शोधायचा आणि त्याचा प्रकार द्यायचा, मुख्य जीनोटाइप क्वचितच चुकवते. तीस टक्के फरक ओळखायला फार मोठी यंत्रणा लागत नाही.

‘गणित चुकत नाही’ या वाक्यात आणखी एक धोका आहे. काही पद्धती उत्तराबरोबर खात्रीचा आकडाही देतात: हा नमुना ३ए असण्याची संभाव्यता ०.९९९९. वाचणाऱ्याला वाटतं, दहा हजारांत एकच चूक. पण हा आकडा येतो कसा ते पाहावं. नाइव्ह बेज नावाची पद्धत प्रत्येक जागेवरचं अक्षर स्वतंत्र पुरावा मानते आणि सगळ्या पुराव्यांचा गुणाकार करते. प्रत्यक्षात पाच-प्राइम टोकाचा आरएनए स्वतःवरच दुमडून जोड्या बांधतो. जोडीतलं एक अक्षर बदललं, तर जोडी टिकवण्यासाठी पुष्कळदा समोरचंही बदलतं. म्हणजे ते दोन बदल दोन पुरावे नसतात, एकाच घटनेची दोनदा नोंद असते. पद्धत मात्र दोन्ही मोजते. त्यामुळे तिचं उत्तर बरोबर असलं, तरी तिनं सांगितलेली खात्री खऱ्या खात्रीपेक्षा पुष्कळ जास्त निघते. नाइव्ह बेज टाकाऊ आहे असं माझं म्हणणं नाही, मी ती आवडीनं शिकवते. पण तिच्या चार नऊंवर कुणी स्वतःचे निर्णय घेऊ नयेत.

तिसरा दावा, सगळे प्रकार कॉम्प्युटरला माहीत असल्याचा. वर्गीकरणाच्या पद्धतीला जे गट आधी दिलेले असतात, त्यांपैकीच एक ती उत्तर म्हणून देते. तासगावच्या पॅकहाउसमध्ये नव्या कामगाराला थॉमसन, सोनाका आणि माणिक चमन असे तीनच क्रेट दिले आणि प्रत्येक घड यातल्या एकात टाकायचा असं बजावलं, तर चौथ्या जातीचा घडसुद्धा तो या तिघांतच कुठेतरी टाकेल. त्यानं काम नीट केलं, पण उत्तर चूक आलं.

हे खरोखर घडलंय, आणि त्याचा धागा भारताशी जुळलेला आहे. २०१८ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी जीनोटाइप ८ जाहीर केला. तो ज्या चार रुग्णांमध्ये सापडला ते चौघंही मूळचे पंजाबचे, आणि त्यांच्यात एकमेकांकडून लागण झाल्याचा काही संबंध दिसला नव्हता. तोपर्यंत सात जीनोटाइप मानले जात. त्या सातांवर शिकलेल्या प्रोग्रॅमला या विषाणूचा तुकडा दिला असता, तर ‘हा वेगळा आहे’ असं म्हणायची सोय आधीच करून ठेवलेली नसताना, त्यानं सातांपैकी एक नाव दिलं असतं. कदाचित मोठ्या खात्रीनंसुद्धा. नवा प्रकार मान्य होतो तो विषाणूचा जवळजवळ सगळा मजकूर वाचून आणि वंशवृक्ष मांडून.

एकाच विषाणूत दोन प्रकार सांधले गेल्याची उदाहरणंही आहेत. रशियात सेंट पीटर्सबर्ग इथे सापडलेल्या विषाणूचा सुरुवातीचा भाग २के या उपप्रकाराचा आणि पुढचा भाग १बीचा निघाला. त्याची नोंद २००२ सालची. अशा विषाणूचं पाच-प्राइम टोक वाचलं तर उत्तर २, एनएस५बी वाचलं तर उत्तर १. दोन्ही वेळा गणित बरोबर, आणि दोन्ही उत्तरं अपुरी. म्हणून जबाबदारीनं बनवलेल्या पद्धतींमध्ये ‘ठरवता येत नाही’ हे उत्तर मुद्दाम ठेवलेलं असतं. नमुना कुठल्याच गटाच्या पुरेसा जवळ नसेल, तर पद्धतीनं तसं सांगायचं. मला विचाराल तर जी पद्धत कधीच ‘माहीत नाही’ म्हणत नाही, तिच्यावर मी सर्वात कमी भरवसा ठेवीन.

चौथ्या दाव्याला जास्त शब्द लागत नाहीत, पण त्यानं घराघरांत विनाकारण घबराट केली आहे. जीनोटाइपचे क्रमांक ही नुसती नावं आहेत. ३ हा १ पेक्षा पुढचा टप्पा नाही, आणि १ आला म्हणून आजार नुकताच सुरू झाला असंही नाही. यकृत किती कडक झालंय ते एफ ० ते एफ ४ अशा वेगळ्या मोजपट्टीनं सांगतात. त्यासाठी फायब्रोस्कॅन किंवा रक्तातल्या काही आकड्यांवरून काढलेले निर्देशांक वापरतात. एफ ४ म्हणजे सिरॉसिस, यकृत पार कडक झाल्याची अवस्था. जीनोटाइप ३ असलेल्या माणसाचं यकृत एफ ० असू शकतं, आणि जीनोटाइप १ असलेल्याला सिरॉसिस झालेला असू शकतो.

आता पाचवा दावा, ज्यामुळे खरं नुकसान होतं. माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी, डायलिसिसवर आहेत ते, हा मेसेज वाचून डॉक्टरांना सांगितलं की आधी प्रकार कळू दे, मग गोळ्या घेतो. जीनोटाइपच्या टेस्टसाठी पैसे जमवायचं ठरवून ते थांबून राहिले. असे किती जण थांबले असतील याचा विचार मनातून जात नाही.

हा सल्ला एके काळी बरोबर होता, हे मान्य करायला हवं. इंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि रिबाविरिन एवढंच हाताशी होतं, तेव्हा जीनोटाइप १ ला ४८ आठवडे उपचार लागत, २ आणि ३ ला २४. त्रास मोठा, खर्च मोठा, बरं होण्याची खात्री कमी. तेव्हा प्रकार माहीत असल्याशिवाय सुरुवात करणं चूकच ठरलं असतं. २०१३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत सोफोसबुविर या नव्या गोळीला मान्यता मिळाली आणि चित्र पालटायला लागलं. २०१६ मध्ये सोफोसबुविर आणि वेल्पाटासविर यांची एकत्र गोळी आली, ती सगळ्या मुख्य जीनोटाइपवर चालते. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं प्रौढांसाठी अशाच सर्व प्रकारांवर चालणाऱ्या औषधांची शिफारस केली. त्याच वर्षी २८ जुलैला भारताचा राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. सिरॉसिस नसेल तर सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर १२ आठवडे, सिरॉसिस असेल तर सोफोसबुविर आणि वेल्पाटासविर, आणि यकृत फार बिघडलेलं असेल तर त्यात रिबाविरिनची भर किंवा मुदत २४ आठवडे, असा त्याचा साधारण आराखडा आहे. पहिल्यांदाच उपचार घेणाऱ्याचा आराखडा सिरॉसिस आहे की नाही यावर ठरतो, जीनोटाइपवर नाही. या औषधांनी बहुतेक सगळे रुग्ण बरे होतात. पंजाबच्या त्या चार रुग्णांचा विषाणू तर तोवर कुठल्याच यादीत नव्हता, तरी आताच्या गोळ्यांनी चौघंही बरे झाले.

म्हणून या आजारात आधी लागते ती आरएनएची टेस्ट, म्हणजे विषाणू आज रक्तात आहे का ते कळतं. त्यानंतर सिरॉसिस आहे का ते पाहायचं. हिपॅटायटिस बीची तपासणीही करायची, कारण सीवरचे उपचार चालू असताना दबून बसलेला बी उसळू शकतो. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवायच्या. ॲसिडिटीच्या ओमेप्राझोलसारख्या गोळ्यांनी वेल्पाटासविर नीट शोषलं जात नाही, आणि हृदयाच्या ठोक्यांसाठी दिलं जाणारं अमिओडॅरोन सोफोसबुविरबरोबर घेणं धोक्याचं ठरू शकतं. पैशांची अडचण असेल तर सांगली, मिरज किंवा साताऱ्याच्या शासकीय रुग्णालयात राष्ट्रीय कार्यक्रमाची चौकशी करावी. प्रकार कळेना म्हणून घरी थांबू नये.

मग जीनोटाइप आता निरुपयोगी झाला का? तसंही नाही. जीनोटाइप ३ आणि सिरॉसिस एकत्र असले तर काही औषधजोड्यांचं यश कमी पडतं, आणि तज्ज्ञाला ही माहिती हवीशी वाटू शकते. एकदा उपचार फसले असतील तर विषाणूचा प्रकार आणि त्यातले औषधाला न जुमानणारे बदल पाहावे लागतात. डायलिसिस केंद्रात एकापाठोपाठ काही जणांना लागण झाली, तर ती एकमेकांकडून झाली की बाहेरून, हे विषाणूंचे सीक्वेन्स ताडून शोधतात. गोळ्यांचा कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनएची टेस्ट पुन्हा करतात. ती निगेटिव्ह आली म्हणजे माणूस बरा झाला. कार्ड टेस्ट मात्र नंतरही वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह येत राहते, तिच्यावरून घाबरायचं कारण नाही. आणि बरा झालेला माणूस पुढे कधी पुन्हा आरएनए पॉझिटिव्ह आला, तर जुनाच विषाणू उरला होता की नव्यानं लागण झाली, हे डॉक्टरांना ठरवावं लागतं. आधीचा प्रकार १बी आणि आताचा ३ए निघाला, तर ती नवी लागण मानून ती कुठून झाली याचा शोध घेता येतो.